डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ हवी: बाळाला उताणं झोपवा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रसूती वॉर्डांत काम करणाऱ्या माझ्या सिस्टर भगिनी

सादर नमस्कार.

पांझराकाठच्या एका उपकेंद्रावर मी 29 वर्षं एएनएम (आरोग्यसेविका) म्हणून काम केलं आणि 2022 मध्ये निवृत्त झाले. बाळंतपणं, लसी, वजनं यांचा हिशेब रजिस्टरांत आहे. हे पत्र रजिस्टरात न आलेल्या गोष्टीबद्दल आहे.

बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला मी सांगत आले, "दूध पाजलं की बाळाला उजव्या कुशीवर निजव आणि पाठीशी गोधडीची वळकटी लाव." प्रशिक्षणात मला तसंच शिकवलं होतं आणि मीही ते मनापासून सांगितलं. ते चुकीचं होतं. निरोगी बाळाला झोपवायचं ते उताणं, पाठीवर. रात्रीच्या झोपेला तसं आणि दुपारच्या डुलकीलाही तसंच, वर्षाचं होईपर्यंत. हे जगाला कळून तीस वर्षं होऊन गेली. माझ्या गावापर्यंत ते मी पोचवायला हवं होतं.

एक सकाळ सांगते. पौषातली थंडी होती. साडेसहाच्या सुमाराला एक माणूस मोटरसायकलवर उपकेंद्राच्या दारात आला, पायात चपलाही नव्हत्या. मी त्याच्या मागे बसून गेले. बाळ तीन महिन्यांचं, अंगावर पीत होतं, वजन चांगलं, अडीच महिन्यांची लस होऊन दोन आठवडे झालेले. मी पोचले तेव्हा ते गार पडलं होतं. कुंचीची गाठ हनुवटीखाली तशीच बांधलेली. बारशाला आलेली नवी कापसाची गादी, फुगीर, आणि तिच्यात बाळाच्या तोंडाच्या जागी वाटीएवढा खळगा. वर दोन गोधड्या. आजीने रात्री पालथं निजवलं होतं, कारण पालथं निजवलं की बाळ रडत नव्हतं आणि सुनेला चार तास झोप मिळत होती. प्रेमापोटीच केलं होतं तिने. आई भिंतीला टेकून बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माय, तो ते झोपेलच व्हता."

दुपारपर्यंत गल्लीत तीन कारणं फिरू लागली. कुणी म्हणालं, आईने झोपेत अंगाखाली घेतलं. कुणी म्हणालं, नजर लागली. तिसरं कारण होतं लस, आणि त्यानंतर दोन महिने त्या गल्लीतली बाळं लसीकरणाला आणताना मला घराघरांत जाऊन बसावं लागलं. मी काय केलं? मृत्यूच्या कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणून लिहिलं, "न्यूमोनिया (संशयित)". बाळाला खोकला नव्हता, ताप नव्हता, धाप नव्हती. पालथी झोप, मऊ गादी, दोन गोधड्या, डोक्याला कुंची, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि त्यातलं एकही मी लिहिलं नाही.

वर्षाच्या आतलं धडधाकट बाळ झोपेत जातं, आणि शवविच्छेदन, घराची पाहणी, आजाराची माहिती हे सगळं करूनही कारण सापडत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला सडन इन्फंट डेथ सिंड्रोम म्हणतात. असे मृत्यू सगळ्यात जास्त दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात आणि बहुतेक सगळे सहा महिन्यांच्या आत. 1994 मध्ये संशोधकांनी याची मांडणी तीन गोष्टी एकत्र येण्याने केली. एक, बाळात आधीपासून असलेली नाजूक बाजू, जी बाहेरून दिसत नाही. मेंदूच्या बुडाशी श्वास आणि जाग सांभाळणारा जो भाग असतो, तो काही बाळांत नीट तयार झालेला नसतो. दुसरी, ते नाजूक वय. तिसरी, बाहेरचा ताण: पालथी झोप, तोंडावर आलेलं पांघरूण, अती ऊब, धूर. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी मात्र पूर्ण घरातल्यांच्या हातात आहे.

पालथं निजलेल्या बाळाचं नाक गादीत रुतलं की सोडलेलाच श्वास ते परत आत घेत राहतं. अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. एरवी बाळ अशा वेळी दचकून जागं होतं, मान वळवतं, रडतं. पण पालथी झोप गाढ असते आणि त्या झोपेतून जाग उशिरा येते. आजी ज्याला "किती शांत झोपलंय" म्हणते, तीच शांतता धोक्याची आहे. आणखी एक गोष्ट घरोघरच्या आज्यांना मुद्दाम सांगायला हवी. ज्या बाळाला रोज उताणं झोपायची सवय आहे, त्याला एखाद्या रात्री पालथं घातलं तर धोका कितीतरी पट वाढतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, बाळ आजीच्या हातात जातं आणि आजी आपल्या पद्धतीने निजवते. त्या पहिल्या रात्रीची मला फार भीती वाटते.

ही चूक एकट्या खान्देशाची नाही. पाश्चात्त्य देशांत तर डॉक्टरांनीच काही दशकं पालथं झोपवायचा सल्ला दिला. पुढे जुने अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसलं की 1970 पर्यंतच धोक्याचा पुरावा हाती आला होता, तरी सल्ला बदलला नाही आणि हजारो बाळं गेली. नेदरलँड्सने 1987 मध्ये सल्ला बदलला, ब्रिटनने 1991 च्या अखेरीस मोहीम काढली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये सांगितलं आणि 1994 पासून देशभर प्रचार झाला. मृत्यू निम्म्याहूनही खाली आले. यासाठी नवं औषध लागलं नाही, यंत्र लागलं नाही. सुरुवातीला अमेरिकेतल्या त्या संघटनेनेही "उताणं किंवा कुशीवर" असं सांगितलं होतं. कुशीवरचं बाळ झोपेत सहज पालथं होतं हे दिसल्यावर 2005 मध्ये कूसही काढून टाकली. म्हणजे मी ज्या वर्षांत वळकटी लावायला सांगत होते, त्याच वर्षांत हा सल्ला मागे घेतला गेला होता.

आता सगळ्यात मोठी अडचण. गावात कुठेही "उताणं झोपवा" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "आणि बाळाने दूध ओकलं तर? घशात अडकेल ना!" ही भीती मी तीस वर्षं ऐकली, मलाही होती. तिच्यावर भाषण देऊन उपयोग होत नाही, दाखवावं लागतं. मी पपईच्या पानांचे दोन पोकळ देठ घेते. शहाद्याकडून धुळ्यापर्यंत पपईचे मळे आहेत, देठ कुठेही मिळतात. दोन्ही एकावर एक धाग्याने बांधते. समोरचा देठ श्वासनलिका, पाठीकडचा अन्ननलिका. आपल्या गळ्यात त्या तशाच असतात, श्वासाची नळी पुढे आणि अन्नाची मागे. मग देठ आडवे धरते, बाळ उताणं निजल्यासारखे. श्वासाचा देठ आपोआप वर येतो, अन्नाचा खाली जातो. खालच्या देठातून थोडं दूध बाहेर आलं तर ते वरच्या देठात जायला त्याला चढावं लागतं, तेवढ्यात बाळ गिळून टाकतं किंवा खोकतं. आता देठ उलटे करते, बाळ पालथं. अन्नाची नळी वर आणि श्वासाची खाली. वरून आलेलं दूध थेट श्वासाच्या तोंडाशी. एका बैठकीत एका म्हाताऱ्या आजीने ते देठ माझ्या हातातून घेतले, स्वतः तीन वेळा उलटेसुलटे केले आणि मग आपल्या सुनेकडे बघितलं. त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

दूध ओकणाऱ्या बाळालाही उताणंच झोपवायचं. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरून ढेकर काढायची आणि मग पाठीवर ठेवायचं.

आपल्या घरांतल्या काही गोष्टींवर मला मोकळेपणाने लिहू द्या, कारण परदेशी पत्रकातलं भाषांतर इथे चालणार नाही.

झोळी. साडीची झोळी आपल्याकडे घरात आढ्याला असते आणि शेतात बाभळीला. कापूस वेचणारी बाई बाळाला खाली ठेवू शकत नाही, तिथे विंचू आहे, साप आहे, मुंग्या आहेत. झोळी बांधू नका असं तिला एसीत बसून सांगणं अन्याय आहे. पण झोळीत बाळाचं अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि त्याची श्वासनलिका बोरूच्या काडीएवढी बारीक असते, ती तेवढ्याने दबते. कापड दोन्ही बाजूंनी मिटून तोंडावर येतं ते वेगळंच. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला झोळीत झोपवूच नये, हे ठाम सांगा. बाकीच्यांना रडं थांबवायला झुलवा, डोळा लागला की काढून सपाट जागी पाठीवर ठेवा. घरात हे जमतं. शेतात जिथे दुसरा इलाज नाही, तिथे झोळीच्या तोंडाशी आडवी काठी घालून कापड फाकलेलं ठेवा, बाळाचा चेहरा कायम दिसेल अशा ठिकाणी बांधा आणि कुणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या. पाच वर्षांच्या भावंडावर ती राखण टाकू नका. काठीने धोका कमी होतो, जात नाही, हेही आईला कळू द्या.

गादी आणि उशी. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी, दोन बाजूंना लोड, वर मऊ गादी, हा संच आता प्रत्येक बारशाला येतो. यातलं काहीही झोपेच्या जागी नको. सतरंजी किंवा घट्ट चटईवर एक सुती कापड ताणून घातलं की बाळाची जागा झाली. तिथे उशी नको, खेळणं नको, मोकळं पांघरूण नको. गळ्यातला काळा दोरा आणि ताईतही झोपताना काढून ठेवा, तो कशातही अडकू शकतो. डोकं चपटं होण्याची काळजी असेल तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, रोज थोडा वेळ पालथं घाला. त्याने मानही धरते आणि खांदेही भरतात. झोपवताना एका रात्री डोकं पायथ्याकडे, दुसऱ्या रात्री उशाकडे केलं की बाळ दोन्ही बाजूंना मान वळवतं. आणि पुढे ते आपल्या आपण दोन्ही बाजूंना लोळायला शिकलं की झोपेत लोळेल तसं लोळू द्या, रात्रभर उठून सरळ करत बसायची गरज नाही. सुरुवात मात्र उताणीच.

ऊब. साक्रीची थंडी मला माहीत आहे आणि भुसावळचा मे महिनाही, तिथे पारा 45 च्या वर जातो. थंडीत बाळाला चार कपडे, स्वेटर, कुंची आणि वर गोधड्या घालून आपण त्याला भाजून काढतो. मानेच्या मागे आणि पोटाला हात लावून बघा, घाम असेल तर एक थर काढा. कमी वजनाच्या बाळाला ऊब लागतेच, पण ती अंगाला बसणाऱ्या कपड्यांनी द्या, आई जागी असताना छातीशी धरून द्या. तोंडावर सरकेल अशा पांघरुणाने नको. उन्हाळ्यात एक सुती झबलं पुरे.

शेगडी आणि धुरी. बंद खोलीत बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवणं आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं, कोळशाच्या विषारी वायूला वासही नसतो. ओवा-वावडिंगाची धुरी, चूल आणि बिडी, सगळा धूर बाळापासून दूर. बिडी-सिगारेटचा धूर हा या मृत्यूंचा धोका वाढवणाऱ्या मोठ्या गोष्टींपैकी आहे, गरोदरपणातलाही आणि नंतरचाही. बापांना हे कुणीच सांगत नाही. डिस्चार्जच्या दिवशी बाप बाहेर रिक्षापाशी उभा असतो, त्याला आत बोलवा.

आईजवळ झोपणं. आपल्या घरांत सगळे खाली ओळीने निजतात आणि त्या ओळीत बाळ आईच्या कुशीत असतं. तज्ज्ञांचं सांगणं असं की बाळ पहिले निदान सहा महिने आईच्याच खोलीत असावं, पण त्याची झोपायची जागा वेगळी. मला हे आपल्याकडे अवघड वाटत नाही. आईच्या चटईला लागून बाळाची छोटी चटई. पाजायला जवळ ओढायचं, पाजून झालं की परत त्याच्या जागी. बाप दारू प्यायला असेल, घरात बिडी ओढत असतील, बाळ कमी दिवसांचं असेल, तर एकाच अंथरुणावर अजिबात नको. भावंडाच्या शेजारी नको. सैल झालेल्या बाजेवर नको, तिच्या मधल्या खळग्यात सगळे घरंगळतात. आणि सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला घेऊन डोळा लागू देणं तर सगळ्यात वाईट. अंगावरचं दूध मात्र चालू राहू द्या, ज्या बाळांना ते मिळतं त्यांच्यात हे मृत्यू कमी दिसतात.

आता तुमच्याकडे मागणं.

पहिलं वॉर्डासाठी. आई आपण सांगितलेलं विसरते, पण सिस्टरने बाळ कसं ठेवलं ते विसरत नाही. प्रसूती वॉर्डात बाळ कुशीवर, दोन्ही बाजूंना टॉवेलची वळकटी, हे मी निवृत्तीनंतरही एका रुग्णालयात पाहिलं. वॉर्डात उताणं ठेवा, म्हणजे घरी उताणं राहील. नवजात अतिदक्षता कक्षात अशक्त बाळाला कधी पालथं ठेवतात, तिथे यंत्र लावलेलं असतं आणि नर्सची नजर असते. कांगारू पद्धतीत बाळ छातीवर असतं तेव्हा आई जागी आणि टेकून बसलेली असते. घरी हे दोन्ही नसतं. हा फरक घरी पाठवण्यापूर्वी त्या आईला शब्दांत सांगा, आणि बाळाला काही दिवस आधीपासून पाठीवर झोपायची सवय लावूनच सोडा. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वर ही एक ओळ लिहा आणि ती सोबत आलेल्या आजीकडून मोठ्याने वाचून घ्या.

दुसरं आशाताईंसाठी. दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांच्या गृहभेटी असतात. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. धोका चढतो तो नेमका या मधल्या काळात. पण याच सुमाराला बाळ दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला येतं. तिथे एएनएमने फक्त एवढं विचारावं, "काल रात्री बाळ कसं झोपलं, कुठे झोपलं, दाखव बरं." "दाखव" म्हटलं की आई हाताने करून दाखवते आणि खरं काय ते कळतं. लस घेतल्याने हे मृत्यू वाढत नाहीत हे अभ्यासांनी वारंवार दाखवलंय. लसींचं वय आणि धोक्याचं वय एकच असल्यामुळे लोक दोन्हींची सांगड घालतात. ते आधीच समजावलं तर माझ्यासारखं कुणाला दोन महिने घराघरांत बसावं लागणार नाही.

तिसरं भाषेबद्दल. हा निरोप अहिराणीत, लेवा बोलीत, भिलीत, पावरीत गेला पाहिजे. "पोरले उतानंच झोपाडा" हे आजीला पहिल्या फटक्यात कळतं. अक्राणी, अक्कलकुव्यातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, तिथे कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, तान्ही बाळं असतात. ती निघण्यापूर्वी त्यांना गाठा.

शेवटचं मागणं माझ्यासाठी सगळ्यात जवळचं. बालमृत्यूच्या अन्वेषणाला जाणाऱ्या प्रत्येकीला सांगा, बाळ कसं निजवलं होतं, कशावर, अंगावर काय होतं, शेजारी कोण होतं, हे लिहून आणायचं. लक्षणं नसताना न्यूमोनिया लिहायचा नाही. आणि हे विचारताना आईच्या शेजारी खाली बसून विचारायचं, घरातल्या चार जणांसमोर उभं राहून नव्हे. ज्या आईची मी गोष्ट सांगितली, तिला गावाने बरीच वर्षं "अंगाखाली घेणारी" म्हणून ओळखलं. बाळ त्या रात्री तिच्या अंथरुणातही नव्हतं. हे मी त्या दिवशी लिहिलं असतं, गल्लीत मोठ्याने सांगितलं असतं, तर तिला तेवढा तरी आधार झाला असता.

पुढच्या महिन्यातल्या आशा बैठकींपैकी कोणत्याही तालुक्याच्या बैठकीत मला वीस मिनिटं द्या. एसटीने मी येईन, मानधन नको. पपईचे देठ आणि एक कापडी बाहुली मी सोबत आणीन.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
धुळे जिल्हा